चैत्रात चतुर कोठे जातात?

व्याख्यानाचा विषय आणि व्याख्यानाचा ऋतू यांचा मेळ बसावा अशी श्रोत्यांची साधारण अपेक्षा असते. आंब्यावर बोलावयाचे तर वैशाखासारखा महिना नाही. आमची अडचण नेमकी उलटी आहे. ज्या प्राण्याविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत, तो वसंत ऋतूत, म्हणजे व्याख्यानमालेच्याच दिवसांत, जतच्या माळावरून जवळजवळ दिसेनासा झालेला असतो. ओढे कोरडे पडलेले, पाझर तलावांच्या तळाला भेगा गेलेल्या, आणि हवेत काय ती धूळ. गणपतीनंतर ज्या मैदानावर चतुर शेकड्यांनी घिरट्या घालीत होते, तेथे आता शोधूनही एखादा सापडणे मुश्किल. परंतु ही गैरहजेरीच आमच्या मते या विषयाचे खरे मर्म आहे. पावसाळ्यात चतुर पुष्कळ का असतात हे सांगावयास कोणी विद्वान लागत नाही. पाणी असते म्हणून असतात. पाणी नसते तेव्हा ते कोठे असतात, असे विचारले की मात्र उत्तर सोपे राहत नाही, आणि त्या उत्तराच्या पाठीमागे जाता जाता तालुक्यातल्या पाण्याचा सगळा हिशेबच पुढे येतो.

प्रथम थोडी ओळख करून घेऊ. शेपटीला दोरा बांधून उडविण्याचा क्रूर खेळ लहानपणी पुष्कळांनी खेळलेला असतो. हल्लीची मुले त्याला हेलिकॉप्टर म्हणतात. ज्याला आपण शेपटी म्हणतो ती वस्तुतः शेपटी नव्हे, ते त्याचे पोट. या कुळात दोन घराणी आहेत. अंगाने दणकट, बसला तरी चारी पंख विमानासारखे पसरून ठेवणारा तो चतुर. आणि काडीसारखी बारीक, बसली की बहुधा पंख पाठीवर मिटून घेणारी ती टाचणी. चतुराचे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले किंवा जवळ असतात. टाचणीचे डोळे डंबेल्सच्या दोन गोळ्यांप्रमाणे दोन टोकांना. मोठ्या चतुराच्या एका डोळ्यात पंचवीस-तीस हजार बारीक डोळे सामावलेले असतात, आणि चारी पंख तो स्वतंत्रपणे हलवू शकतो. त्यामुळे उडत्या भक्ष्याचा पाठलाग करण्याऐवजी ते पुढे जेथे पोचणार तेथे हा आधीच जाऊन उभा राहतो. प्रयोगशाळेत निरीक्षण केले तेव्हा शंभर झडपांतल्या नव्वदाहून अधिक त्याने साधल्या असे आढळले. वाघालाही हे जमत नाही.

घराणे जुने म्हणावे तर किती जुने? फ्रान्समधील कोळशाच्या थरांत सापडलेल्या आणि १८८५ साली वर्णिलेल्या 'मेगॅन्यूरा' या चतुराच्या आप्ताच्या पंखांचा विस्तार सुमारे दोन फूट भरला. त्याला होऊन तीस कोटी वर्षे झाली. तेव्हा पक्षी नव्हते, फुले नव्हती, आणि अर्थातच आपणही नव्हतो.

हे झाले हवेतल्या चतुराविषयी. परंतु हवेतला चतुर म्हणजे त्याच्या आयुष्याचा शेवटचा अध्याय. आधीचे सारे आयुष्य पाण्यात जाते, आणि ते फार थोड्यांनी पाहिलेले असते. तळ्याच्या कडेचा गाळ परातीत घेऊन पाणी निवळू द्यावे. मातकट रंगाचे, सहा पायांचे, बिनपंखांचे एक ओबडधोबड जनावर हळूच चालू लागते. हेच चतुराचे पिल्लू. त्याच्या तोंडाखाली खालचा ओठ घडी घालून ठेवलेला असतो. भक्ष्य टप्प्यात आले की ती घडी निमिषार्धात उलगडते, टोकाचे चिमटे भक्ष्याला धरतात आणि ओठ पुन्हा जागच्या जागी येतो. डासांच्या अळ्या, बेडूकपिल्ले, क्वचित लहान मासेसुद्धा या ओठाच्या तडाख्यात सापडतात. चतुराचे पिल्लू श्वास घेते तेही चमत्कारिक रीतीने: मागच्या बाजूने पाणी आत ओढून तेथल्या कल्ल्यांतून प्राणवायू घ्यावयाचा, संकट आले तर तेच पाणी जोराने बाहेर सोडून पुढे उसळी मारावयाची. टाचणीच्या पिल्लाला मात्र मागे पानासारखे तीन कल्ले असतात, आणि पाण्यातल्या बेचक्यांना धरून राहण्याची त्याला सवय असते.

हे पिल्लू दहा-बारा वेळा कात टाकते. फुलपाखराप्रमाणे कोश करून स्वस्थ बसण्याची सवड त्याला नाही. शेवटची कात टाकावयाची वेळ आली की ते बहुधा रात्री किंवा पहाटे पाण्याबाहेर येऊन गवताच्या काडीवर अथवा विहिरीच्या दगडावर चढते. पाठ उकलते, आणि ओला, फिका, मऊ चतुर बाहेर येऊन पंख वाळवीत बसतो. उन्हे वर येईपर्यंत तो उडून जातो. मागे राहते ती कोरडी कात, पायांनी दगडाला घट्ट धरून बसलेली. ही कात पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे, म्हणून ती लक्षात ठेवावी.

आता जतचा पाऊस. मृगाच्या सरी येथे येतात, पण त्यांच्या भरवशावर कोणी राहत नाही. सह्याद्रीने ढगांचे सारे माप पश्चिमेलाच रिकामे करून घ्यावे आणि उरलेल्या शिंतोड्यांवर आपण समाधान मानावे, हा या मुलखाचा जुना करार आहे. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरांच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा परतीच्या पावसाचा. उत्तरा आणि हस्त ही नक्षत्रे साधली तर ज्वारी साधली. चतुरांचे पंचांगही हेच. मृग-आर्द्रात थोडी वर्दळ, श्रावणात वाढ, आणि भाद्रपद-आश्विनात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, खरा बहर. थंडीत संख्या ओसरू लागते आणि होळीनंतर शुकशुकाट.

या बहरामागे एक कठोर गणित आहे. माळावर मोठ्या संख्येने घिरट्या घालणारा, पिवळसर-तांबूस रंगाचा आणि रुंद पंखांचा जो चतुर आपण पाहतो, त्याचे शास्त्रीय नाव पँटाला फ्लॅव्हेसेन्स. त्याची मादी पावसाच्या डबक्यात अंडी घालते. उबदार पाण्यात अंड्यापासून पंखांपर्यंतचा प्रवास पुरा व्हावयास साधारण सहा ते नऊ आठवडे लागतात. चतुरांच्या जगात हा वेग विलक्षण आहे, कारण थंड देशांतल्या काही जातींना यालाच दोन-तीन वर्षे लागतात. मुरमाच्या खाणीत उत्तरा नक्षत्रात साचलेले पाणी सात आठवडे टिकले तर त्यातून शेकडो चतुर निघतील. तेच पाणी पाचव्या आठवड्यात आटले तर एकही नाही. चिखलावर मेलेली पिल्ले आणि त्यांवर तुटून पडणारे बगळे, एवढाच शेवट. पाच आणि सात यांत फरक दोनच आठवड्यांचा, पण माळावरच्या चतुरांचे वर्ष त्यात ठरते. कोरडवाहू शेतकऱ्याला हे गणित समजावून सांगावे लागणार नाही.

डबके आटणे हे संकट तर खरेच, पण ते संरक्षणही आहे. जे पाणी दरवर्षी आटते त्यात मासे राहू शकत नाहीत, आणि मासे हा चतुराच्या पिल्लाचा सर्वांत मोठा शत्रू. आटणाऱ्या डबक्याचा धोका पत्करून माशांपासून सुटका करून घ्यावयाची, असा हा सौदा आहे. बारमाही तळ्यातल्या जाती वेगळ्या, हंगामी डबक्यातल्या वेगळ्या. एकीला दुसरीच्या घरी नेऊन ठेवले तर ती बहुधा तग धरीत नाही.

तर मग चैत्रात हे सारे जातात कोठे? फिलिप कॉर्बेट या इंग्रज शास्त्रज्ञाने चतुरांच्या जीवनक्रमावर १९६२ साली आणि पुढे १९९९ साली मोठे ग्रंथ लिहिले. कोरडा काळ कंठण्याच्या वेगवेगळ्या जातींच्या वेगवेगळ्या तऱ्हा या अभ्यासातून स्पष्ट झाल्या. काही जाती अंड्याच्या रूपाने थांबतात. पोटामार्का काँजेनर हा आपल्याकडचा चतुर पाण्याच्या काठाशी, कोरड्यात अंडी घालतो. ती कित्येक आठवडे तशीच पडून राहतात आणि पाणी चढून त्यांना बुडविते तेव्हा फुटतात. काही जातींचे प्रौढच थांबतात: लेस्टिस वंशातल्या काही टाचण्या रंग न चढवता, अंडी न घालता, झुडपांत काटकीसारख्या टांगून कोरडे महिने काढतात आणि पावसानंतर एकदम वयात येतात. बांधावरचे झुडूप तोडताना आपण त्यांचे घर मोडले हे कोणाच्या ध्यानीही येत नाही, कारण त्या काटकीहून वेगळ्या दिसतच नाहीत.

काही जाती मात्र उरल्यासुरल्या पाण्याला धरून राहतात. येथे आमच्या गावच्या जुन्या विहिरींची गोष्ट सांगितली पाहिजे. दगडी बांधणीच्या विहिरीच्या आतल्या भिंतीवर भर उन्हाळ्यातही एक चतुर चिकटून बसलेला सापडतो. राखी, काळसर ठिपक्यांचा, दगडाशी इतका एकरूप की उडेपर्यंत दिसत नाही. याचे नाव ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा. दगडातली कुंडे, विहिरी, सिमेंटचे हौद यांत त्याची पिल्ले वाढतात. माणसाने दगडाची घरे आणि हौद बांधले, ती आपल्यासाठीच बांधली अशा समजुतीने तो आपल्यात राहतो. बारव आणि आड ही माणसांची आणि गुरांची तहान भागविणारी ठिकाणे. पण चैत्र-वैशाखात ती या चतुराचीही शेवटची ठाणी असतात. नळ आले, विहिरीचा वापर सुटला, आणि पुष्कळ गावांत जुन्या विहिरीचा उकिरडा झाला. त्यात काय बुडाले याची यादी करताना हा राखी चतुरही त्यात घातला पाहिजे.

चौथी तऱ्हा सर्वांत साहसाची: थांबावयाचेच नाही, निघून जावयाचे. ही पँटालाची तऱ्हा. मालदीव बेटांवर दरवर्षी ऑक्टोबरात एकाएकी लक्षावधी चतुर उतरतात, आणि काही दिवसांत पुढे निघून जातात. बेटे प्रवाळाची; तेथे जमिनीवर गोडे पाणी जवळजवळ साचतच नाही, तेव्हा हे चतुर तेथले नव्हेत हे उघड होते. चार्ल्स अँडरसन या मालदीवनिवासी जीवशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षे त्यांच्या येण्याजाण्याच्या तारखा टिपल्या आणि २००९ साली निबंध लिहून आपला तर्क मांडला: भारतातला पाऊस सरला की हे चतुर उंचावरच्या अनुकूल वाऱ्यावर स्वार होऊन अरबी समुद्र आणि हिंदी महासागर ओलांडतात व पूर्व आफ्रिकेत पोचतात, तेथे त्या वेळी पाऊस चालू असतो. पुढे पावसाच्या मागोमाग दक्षिणेला, पुन्हा उत्तरेला, आणि पुढच्या मोसमी वाऱ्याबरोबर परत भारतात. सारा फेरा चौदा ते अठरा हजार किलोमीटरांचा. कोणताही एक चतुर तो पुरा करीत नाही. आजोबांनी निघावे आणि पणतवंडाने घरी पोचावे असा हा तीन-चार पिढ्यांचा प्रवास आहे. पुढे २०१२ साली मालदीवमध्ये पकडलेल्या चतुरांच्या पंखांतील हायड्रोजनच्या भारी परमाणूंचे प्रमाण तपासण्यात आले. पिल्लू ज्या पाण्यात वाढते त्याची खूण पंखांत कायमची राहते. ती खूण उत्तर भारताकडे आणि त्याहून वरच्या प्रदेशाकडे बोट दाखविणारी निघाली.

याच वाटेने याच सुमारास आणखी एक प्रवासी जातो. अमूर ससाणा हा पारव्याएवढा शिकारी पक्षी मंगोलिया आणि ईशान्य चीनमधून नागालँडमार्गे येतो, नोव्हेंबरात दख्खनवरून पश्चिमेला सरकतो आणि समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातो. समुद्रावर त्याला खावयास काय मिळत असेल या कोड्याचे उत्तर अँडरसनने चतुरांत शोधले. म्हणजे आमच्या मुरमाच्या खाणीतले सात आठवड्यांचे पाणी हे कोठल्या कोठे जाऊन पोचते पाहा! जतचा एखादा चतुर सोमालियाच्या किनाऱ्यावर उतरला असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही, त्याच्या पंखावर गावाचे नाव लिहिलेले नसते. पण त्या थव्यात दख्खनच्या डबक्यांची भरती नसेल असे मानण्यासही काही कारण दिसत नाही.

एवढे समजल्यावर 'पुष्कळ' आणि 'नाना प्रकारचे' या दोन शब्दांतला भेद पाहिला पाहिजे, कारण या विषयात फसगत होते ती बहुधा येथेच. बाजारात शंभर पोती आली आणि सगळी ज्वारीची, तर माल पुष्कळ आला पण वाण एकच. दुसऱ्या दिवशी चाळीसच पोती आली, पण त्यांत ज्वारी, बाजरी, तूर, मटकी, करडई अशी दहा तऱ्हेची धान्ये, तर माल थोडा पण बाजार भरलेला. चतुरांची मोजणी करणारे शास्त्रज्ञ या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मांडतात, आणि ऋतूगणिक मांडतात. जतच्या माळावर आश्विनात थवे मोठे, पण त्यांत एकट्या पँटालाचाच भरणा. उलट गटाराच्या काठी बाराही महिने आढळणारा नारिंगी पंखांचा एक लहान चतुर आहे. फॅब्रिशियसने १७९३ साली त्याच्या नावात 'कॉन्टॅमिनाटा' म्हणजे 'मळलेला' असा शब्द घातला, आणि तो पुढे भलताच समर्पक ठरला, कारण घाण पाण्याचे याला वावडे नाही. तळ्यावर चतुर फार दिसतात म्हणून तळे निरोगी, असे अनुमान करावे तर हा गृहस्थ आपल्याला हमखास तोंडघशी पाडतो. किती दिसले याआधी कोणकोणते दिसले हे विचारावे.

या दृष्टीने आपला सांगली जिल्हा अभ्यासकाला हेवा वाटावा असा आहे. पश्चिम टोकाला शिराळा तालुक्यात चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान: सुमारे ३१८ चौरस किलोमीटर, १९८५ साली अभयारण्य, २००४ साली राष्ट्रीय उद्यान, २०१० पासून कोयनेबरोबर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. तेथे वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्व टोकाला आपण. मध्ये कृष्णाकाठी सागरेश्वर: सुमारे ११ चौरस किलोमीटरांचे, उघड्या डोंगरांवर माणसाने झाडे लावून उभारलेले, १९८५ सालचे अभयारण्य. कै. धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून ते उभे राहिले हे जिल्ह्याला ठाऊक आहे. एकाच जिल्ह्यात पावसाची इतकी तऱ्हा असल्यावर चतुरांचीही असणारच.

चांदोली-कोयनेच्या रानातल्या ओढ्यांवर जे चतुर आणि टाचण्या आहेत, त्या थव्याने फिरत नाहीत. सावली, वाहते गार पाणी, त्यात विपुल प्राणवायू आणि खाली स्वच्छ दगड, एवढे सगळे जुळले तर त्या असतात. त्यातले एक कमी झाले की नसतात. त्यांतल्या काही जाती पश्चिम घाटाबाहेर जगात कोठेही नाहीत. साताऱ्याजवळच्या ठोसेघरला धबधबा पाहावयास आपल्यापैकी पुष्कळ जण गेले असतील. त्या परिसरातल्या एका टाचणीचे, 'युफिया ठोसेघरेन्सिस' या नावाने, कलेश सदाशिवन आणि साताऱ्याचे डॉ. श्रीराम भाकरे यांनी २०२१ साली प्रथमच शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. फ्रेझर या लष्करी डॉक्टराने १९३३ ते १९३६ या काळात हिंदुस्थानातल्या चतुरांवर तीन जाडजूड खंड लिहिले, त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी, हजारो पर्यटकांच्या पायांखालच्या ओढ्यावर, जगाला अपरिचित असा जीव निघावा! कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवरून आपल्या विहिरीतल्या राखी चतुराचा एक भाऊबंद २०२० साली असाच नवा म्हणून नोंदला गेला. तेव्हा या शास्त्रात आता करण्यासारखे काही उरले नाही अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

संरक्षित प्रदेशाचा चतुरांना फायदा होतो तो ओढ्याच्या उगमापासूनचे रान शाबूत राहते म्हणून. कायद्याने चतुरांकडे निराळे लक्ष दिले असे म्हणवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत बराच काळ एकच चतुर होता, तोही हिमालयातला. वाघ राखला, त्याच्या पाठीमागे रान राखले गेले, रानाच्या पाठीमागे ओढा, आणि ओढ्याच्या पाठीमागे टाचणी. यात आम्हांला वावगे काही वाटत नाही. परंतु जतच्या माळाला वाघ नाही, तेव्हा येथे कोणाच्या पाठीमागे कोण राखला जाणार? जगातल्या ६,०१६ जातींचा आढावा घेऊन आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने २०२१ साली सांगितले की, शंभरांतल्या सोळा जाती धोक्यात आहेत. आणि कारणांत प्रमुख म्हणजे पाणथळ जागांचा नाश. पाणथळ जागा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सरोवर येते. मुरमाची खाण, ओढ्यातला डोह, गावाबाहेरचा आड हे आपण त्यात धरीत नाही, चतुर धरतो.

यापुढचे बोलणे जपून केले पाहिजे. म्हैसाळ योजनेने कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून या तालुक्यात आणले, बिरनाळसारखे तलाव त्या पाण्याने भरून घेता येऊ लागले, आणि वंचित राहिलेल्या ६५ गावांसाठी विस्तारित योजना हाती घेण्यात आली. टँकरच्या रांगेत ज्याने उभे राहून पाहिले आहे, त्याच्यापुढे चतुरांची कड घेऊन पाण्याविरुद्ध बोलण्याचा आमचा मुळीच विचार नाही. पाणी आलेच पाहिजे. पण पाणी आल्यावर काय होईल हे आधी समजून घेण्यात काही गैर नाही. जे तळे आटत होते ते बारमाही होईल. त्यात मासे सोडले जातील. चतुर वाढलेले दिसतील, पण ते बारमाही पाण्याचे, सर्वत्र आढळणारे, कोठेही जुळवून घेणारे चतुर असतील: लाल क्रोकोथेमिस, हिरवट-काळा ऑर्थेट्रम सबायना, गटाराकाठचा तो नारिंगी. संख्या वाढली म्हणून आपण आनंदात असू, आणि त्याच वेळी आटणाऱ्या डबक्यातले वाण कमी होत असतील. हे मोजले नाही तर कळणारही नाही.

प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यांविषयीही असेच. द्राक्षबागायतदाराला त्यांनी तारले, हे मान्य. पण टाचणीची मादी अंडी घालते ती पाणवनस्पतीच्या देठात चीर पाडून. गुळगुळीत कागदावर तिने काय करावे? शिवाय पाणी ओळखण्याची चतुराची खूण म्हणजे सपाट पृष्ठभागावरून विशिष्ट रीतीने परावर्तित झालेला प्रकाश. त्यामुळे चकचकीत काळा कागद, मोटारीचा टप, इतकेच काय, घोटून गुळगुळीत केलेले काळे थडगेसुद्धा तो पाणी समजतो, असे हंगेरीतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. उन्हात उभ्या मोटारीच्या टपावर शेपूट टेकवणारा चतुर आपण पाहिला असेल. तेथे घातलेल्या अंड्यांचे काय होत असेल ते सांगावयास नको.

आता गृहिणींच्या जिव्हाळ्याचा मुद्दा. नळाला रोज पाणी नसले की घरात रांजण, पिंपे, हौद भरून ठेवावे लागतात, आणि डेंग्यूचा डास साठवणीच्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. रंगून शहरात लोकांच्या सहकार्याने एक प्रयोग झाला. त्याचा निबंध १९९० साली प्रसिद्ध झाला. घरोघरच्या साठवणीच्या भांड्यांत लाल क्रोकोथेमिस चतुराची वाढलेली पिल्ले पावसाळ्यात ठरावीक काळाने सोडण्यात आली, आणि थोड्याच आठवड्यांत डासांच्या अळ्यांचा बंदोबस्त झाला. हा चतुर आपल्याकडेही आहे. म्हणून प्रत्येकाने पिंपात चतुर पाळावा असा आमचा आग्रह नाही. आठवड्यातून एकदा भांडे रिकामे करून, घासून कोरडे करणे हा उपाय सोपा आणि खात्रीचा. पण गावाच्या भोवती चतुर जगत असले तर हे काम ते बिनपगारी करीत राहतात. पाण्यात अळ्यांचे आणि हवेत डासांचे. विहिरी-हौदांत गप्पी मासे सोडण्याची पद्धत उपयुक्त आहे, परंतु ते मासे चतुरांची नुकती फुटलेली पिल्लेही सोडीत नाहीत. तेव्हा जे पाणी दरवर्षी आपोआप आटते, त्यात मासे सोडण्याचा उत्साह आवरावा.

एकदोन गोष्टी तलावांच्या बाबतीत सहज करण्यासारख्या आहेत. २०१७ साली सरकारने गाळ काढून शेतात नेण्याची योजना आणली. गाळ जरूर काढावा. पण तलावाची सगळी कड एका उन्हाळ्यात खरवडून काढण्याऐवजी लव्हाळ्याचा आणि पाणकणसाचा एक पट्टा राखून ठेवला, तर टाचण्यांची अंडी आणि पिल्ले तेथे तगून पुढच्या वर्षी साऱ्या काठावर पसरतात. खर्च काहीच नाही. ठेकेदाराला तेवढे बजावून सांगावे लागेल, आणि ते सोपे नाही हे आम्हांला ठाऊक आहे.

शाळेतल्या शिक्षकांना आणि हौशी मंडळींना मोजणीचे काम करता येईल. त्याला फारशी साधने लागत नाहीत. एक तलाव, एक ओढा, एक जुनी विहीर आणि एक हंगामी डबके अशा चार जागा निवडाव्या. महिन्यातून दोनदा, निरभ्र दिवशी, सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान ठरलेल्या शंभर पावलांचा फेरा करून जात आणि संख्या दोन्ही टिपाव्या. ऊन अंगावर आल्यावाचून चतुर उडत नाही, म्हणून वेळ पाळणे महत्त्वाचे. चैत्र-वैशाखातले रिकामे फेरे चुकवू नयेत. कोरी वही हीसुद्धा नोंद आहे. पकडण्याची गरज नाही, छायाचित्र पुरते.

मात्र उडता चतुर दिसला म्हणजे तो तेथेच जन्मला असे समजू नये; तो शंभर कोसांवरून आलेला पाहुणा असू शकतो. त्या पाण्यात तो वाढला याचा पुरावा एकच: मघाशी सांगितलेली कात. ती शोधावयाची ती पाण्यालगतच्या काड्यांवर, विहिरीच्या पायऱ्यांखाली आणि दगडांच्या सांध्यांत. हस्ताचा पाऊस होऊन डबक्याला सहा आठवडे भरले की रोज पहाटे जावे, आणि कात गोळा करून काडेपेटीत जागा व तारीख लिहून ठेवावी. उशीर करून उपयोग नाही. दुपारचा वारा सुटला की काड्यांवरच्या काती उडून जातात.